स्वयंप्रकाशी

शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात आकाशातल्या गोलांचे दोन प्रकार असत. स्वयंप्रकाशी आणि परप्रकाशी. सूर्य स्वयंप्रकाशी, चंद्र परप्रकाशी. चंद्रावर कवींनी कितीही कागद खर्ची घातला असला, तरी आमचे भूगोलाचे मास्तर त्याच्याकडे उसनवारीवर जगणारा इसम म्हणूनच पाहत. पुढे साहित्याच्या प्रांतात चार पावलं टाकल्यावर माझ्या ध्यानात आलं, की इथला भूगोल बरोबर उलटा आहे. इथे मान परप्रकाशी माणसाला. दुसऱ्या कुणी आपल्याला प्रकाशात आणलं, तर आपण लेखक. आपणच आपल्या तोंडावर बॅटरी मारून घेतली, तर लोक म्हणतात, "हौस आहे हो बिचाऱ्याला!"

ही हौस लपवण्यासाठी मराठी लेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या काय युक्त्या केल्या आहेत ते पाहायचं असेल, तर जुन्या पुस्तकांचं प्रकाशक-मुद्रकांच्या नावांचं पान वाचावं. मी ते कथेच्या आधी वाचतो. "प्रकाशिका : सौ. अमुक तमुक" असं असतं आणि आडनाव नेमकं लेखकाचं. संस्थेला मुलीचं नाव, पत्ता लेखकाच्या राहत्या घराचा, दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला. त्या माउलीने नवऱ्याच्या कविता वाचल्या होत्या की नाही कोण जाणे, पण कागदोपत्री ती त्या कवितांना जबाबदार होती. सप्तपदीच्या वेळी हे आठवं पाऊल तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता बायकोला मध्ये घालायचं कारण उरलेलं नाही. किंडल नावाची ती पाटी अमेरिकेत २००७ साली निघाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने तिच्यावर मराठी पुस्तकांचं दालन उघडलं. ठाण्याच्या ई साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी तर त्याच्या आधीपासून मराठी ई-पुस्तकं वाचकांना फुकट वाटत आली आहेत. लेखकाने मजकूर चढवायचा, चित्र लावायचं, किंमत टाकायची आणि बटण दाबायचं. छापील पुस्तकावर लेखकाला साधारण दहा टक्के मिळतात. (मिळतात म्हणजे, मिळायला हवेत.) इथे पस्तीस टक्के, आणि त्यांच्या अटी मान्य केल्या तर सत्तर. खर्च म्हणाल तर शून्य. आणि तरीही चांगले लिहिणारे लोक त्या वाटेला जात नाहीत, किंवा गेले तर गुत्त्यात शिरावं तसे इकडेतिकडे बघून जातात. तेव्हा प्रश्न पैशांचा नाही, हे उघड आहे. मग कशाचा आहे?

या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती आमच्या जुईनगरात. जुईनगर म्हणजे अलीकडे सानपाडा, पलीकडे नेरुळ, आणि मध्ये आम्ही, म्हणजे ज्यांना वाशी परवडली नाही असे लोक. रेल्वेची वसाहत जवळ असल्यामुळे दर दोन जिन्यांमागे एक रिटायर्ड रेल्वेवाला आढळतो. आमच्या जिन्यातले मोटरमन. चौतीस वर्षं रेल्वेत, त्यांतली शेवटची तेवीस हार्बर लाइनवर. १९९२ साली गाडी पहिल्यांदा खाडी ओलांडून वाशीला आली तेव्हा ते नोकरीत होते, आणि त्या पुलाचा उल्लेख ते "आमचा पूल" असा करतात. सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणते.

तर या काकांनी रिटायर झाल्यावर चार लाँगबुका भरून आठवणी लिहिल्या. एका संध्याकाळी त्या चारही माझ्या हातात ठेवून म्हणाले, "तुमची पुस्तकं छापलीत कुणीतरी. बघा जरा." 'कुणीतरी' या शब्दावर त्यांनी जो भर दिला तो मी सोडून देतो.

मी बघितलं. पहिल्या दीड वहीत काकांचं बालपण होतं. ते सगळ्यांच्याच आठवणींत असतं तसं होतं, म्हणजे विहीर, आजी आणि गरिबी. पण गाडी सुरू झाली आणि मजकूर बदलला. पहाटेच्या धुक्यात खाडीपुलावर फक्त आवाजावरून पुढचा अंदाज घेणं. पावसात रूळ पाण्याखाली गेल्यावर चार तास केबिनमध्ये एकट्याने काढणं, आणि मागे गाडीत हजारो माणसं. तिसऱ्या वहीत एक प्रकरण होतं : "आडवे आलेले". गाडीखाली सापडलेल्या माणसांबद्दलचं. भरधाव लोकलला ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी थांबत नाही. मधली ती काही सेकंदं मोटरमनला समोरच्या काचेतून पाहत बसावं लागतं. मग गार्डला कळवायचं, स्टेशनला कळवायचं, आणि गाडी पुढे न्यायची, कारण मागे डब्यात लोक घड्याळं बघत असतात. काकांनी हे कसलंही विशेषण न वापरता लिहिलं होतं. मी वही मिटली आणि त्या रात्री टीव्ही लावला नाही.

काका तीन प्रकाशकांकडे गेले. पहिल्याने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने वाचलं. तो म्हणाला, "ते तिसऱ्या वहीतलं प्रकरण तेवढं वाढवा, बाकी सगळं काढून टाका. पुस्तकाचं नावही तेच ठेवू. खपेल." काका वह्या घेऊन घरी आले. तिसरा फारच प्रेमळ निघाला. म्हणाला, "अवश्य काढू! छपाईचा खर्च तुम्ही द्यायचा आणि दोनशे प्रती तुम्ही विकत घ्यायच्या."

हा तिसरा प्रकार हल्ली सर्रास आढळतो, म्हणून जरा थांबतो. पैसे लेखकाचे, विक्री लेखकाच्या नातेवाइकांत, आणि नाव मात्र प्रकाशकाचं. म्हणजे परप्रकाशी चंद्रच, फक्त लाइटबिल चंद्राने भरायचं. असं असूनही माणसं आनंदाने भरतात. दोन खोल्यांच्या घरात दिवाणाच्या पोटात दोनशे प्रती ठेवतात, पावसाळ्यात त्यांना वाळवी लागू नये म्हणून डांबरगोळ्या घालतात, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात आहेर म्हणून पुस्तक देतात. ई-पुस्तकाने हा दिवाण रिकामा होतो, हा त्याचा निर्विवाद फायदा आहे.

काकांनी मला विचारलं, "तुम्ही सांगा. हे लोकांपुढे आणण्याजोगं आहे का?" अशा वेळी आपण इतिहासाचा आधार घेतो. मी म्हटलं, "काका, स्वतःचं स्वतः काढण्यात कमीपणा कसला? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून निबंधमाला काढली, ती जवळजवळ एकट्याने लिहून. डॉक्टर केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश काढण्यासाठी मंडळी कंपनी काढली, तिचे शेअर विकले, गावोगाव वर्गणीदार गोळा करत हिंडले. अरुण कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' १९७६ साली निघालं, ते चार कवींनी एकत्र येऊन चालवलेल्या संस्थेतर्फे. पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुलाचं बक्षीस मिळालं. आणि १९६९ साली राजा ढाल्यांनी 'सत्यकथे'वर आग पाखडली तेव्हा ती कुणा प्रकाशकाची वाट बघून नाही."

काका म्हणाले, "ते मोठे लोक. त्यांना ठाऊक होतं आपण मोठे आहोत म्हणून."

मोटरमनच्या तोंडून हे ऐकून मी जरा चपापलो. कारण मुद्दा तोच होता. मोठेपणा नंतर ठरतो. त्या वेळी त्यांच्यापाशी होती ती फक्त खात्री, आणि खात्री गाढवापाशीही असते. स्वतःच्या पैशाने स्वतःचं महाकाव्य छापून दिवाणात ठेवणाऱ्याची खात्री केतकरांपेक्षा तसूभर कमी नसते. उलट बहिणाबाईंची गोष्ट घ्या. बाईंनी स्वतः काही लिहिलं नाही. त्या ओव्या म्हणत गेल्या आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी, पण आईची वही दुसऱ्याला दाखवायचा त्याला संकोच. ती अत्र्यांनी पाहिली आणि मग ते थांबले नाहीत. १९५२ साली पुस्तक आलं तेव्हा बाई हयात नव्हत्या. त्यांच्यापाशी खात्री नव्हती, की हौस नव्हती. होता तो एका परक्या माणसाचा होकार, आणि तोही असा माणूस, की जो 'नाही' म्हणायला कधी कुणाच्या बापाला भ्यायला नव्हता.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. आपल्याला होकार हवा असतो तो 'नाही' म्हणू शकणाऱ्या माणसाकडून. ते यंत्र तीन दिवसांच्या आत उत्तर देतं आणि बहुतेक सगळ्यांना 'हो' म्हणतं. प्रकाशकाची दोन वर्षं आणि यंत्राचे बहात्तर तास यांत लेखकाने बहात्तर तास निवडावेत असं शहाणपण सांगतं, पण मन म्हणतं, जो सगळ्यांना 'हो' म्हणतो त्याने मला 'हो' म्हटलं यात माझं काय कौतुक? आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, ते प्रत्येक घरच्या चहाला 'वा' म्हणतात. त्यांच्या 'वा'साठी अद्याप कुणी चहात जास्त साखर घातलेली नाही.

पण नाकारणाऱ्यांवरही फार भिस्त ठेवू नये. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. नारायण मेघाजी लोखंडे त्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी सुरुवातीचा भाग छापला आणि पुढचा छापायला ते धजले नाहीत. पूर्ण पुस्तक जोतीरावांच्या हयातीत निघालंच नाही. म्हणजे दार अडवणारा नेहमी शत्रूच असतो असं नाही, कधी तो आपल्याच पंगतीतला असतो. वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी 'माझा प्रवास' १८८३ च्याच सुमारास लिहून काढला. सत्तावनच्या धामधुमीत एक भिक्षुक ब्राह्मण झाशीत सापडतो, लूट डोळ्यांनी बघतो आणि रिकाम्या हातांनी घरी येतो, असं हे पुस्तक. इंग्रज सरकारची भीती, म्हणून भटजींनी ते आपल्या मागे छापा असं सांगून चिंतामणराव वैद्यांच्या स्वाधीन केलं. १९०७ साली ते आलं, पण वैद्यांनी आपल्या हाताने डागडुजी करून. भटजींचं मूळ लिखाण दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली बाहेर काढलं. आता वैद्यांना काय म्हणावं? ते नसते तर वही कुठल्या तरी माळ्यावर उंदरांनी खाल्ली असती. ते होते म्हणून ती जगली आणि साठेक वर्षं दुसऱ्याचा अंगरखा घालून फिरली.

काकांचा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे. (हल्ली प्रत्येकाचा भाचा कॉम्प्युटरमध्ये असतो.) तो रविवारी आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त हो म्हणा. संध्याकाळपर्यंत लेखक करतो तुम्हाला." ही बातमी जिन्यातून खाली गेली आणि सोसायटीत दोन तट पडले. एक गट म्हणाला, काढा. दुसरा म्हणाला, ई-पुस्तक हे काय पुस्तक झालं? वाशीच्या साहित्य मंदिरात प्रकाशनसमारंभ करायचा, तर पाहुण्याने रेशमी फीत सोडून वर काय धरायचं, मोबाइल? आणि चार्जिंग संपलं तर? लेखकाने सही कुठे करायची? शोकेसमध्ये काय ठेवायचं? एक जण तर म्हणाले, "व्हॉट्सॲपवर येईलच की फुकट." चोरी करणार असल्याचं आधीच प्रांजळपणे सांगणारा वाचक मी प्रथमच पाहिला.

हसू नका. ई-पुस्तक हे पुस्तक आहे का, हा प्रश्न सरकारलाही पडलेला आहे. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ई-पुस्तकाला अठरा टक्के होता. जुलै २०१८ मध्ये तो पाच टक्क्यांवर आणला, पण कुणासाठी? ज्या ई-पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्याच्यासाठी. ज्याला कागदाचा भाऊ नाही, ते अठराच टक्क्यांत राहिलं. म्हणजे सरकारदरबारीसुद्धा नुसत्या ई-पुस्तकाला आधी 'तुमच्या घरचं कोणी छापलेलं आहे का?' असं विचारतात. राज्यातल्या हजारो सार्वजनिक ग्रंथालयांच्या कपाटात त्याला जागा नाही, आणि मराठी पुस्तक मुख्यतः त्या कपाटांवर जगतं. तेव्हा ही वाट टाळणारे सगळेच काही मानाचे भुकेले नसतात. काहींना साधं ठाऊक असतं, की आपला वाचक अजून सदऱ्याला चष्मा पुसून, दुपारी लायब्ररीत जाऊन पुस्तक बदलून आणणारा आहे.

काकांची अडचण मात्र या सगळ्याहून निराळी होती. आम्ही संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो. खाली सानपाड्याकडून गाडी येत होती. ते म्हणाले, "आयुष्यभर सिग्नल दुसऱ्याने दिला, मी गाडी चालवली. सिग्नलही माझा आणि गाडीही माझी, असं कधी चालवलं नाही. आणि त्या प्रकरणातली माणसं आहेत ना, त्यांची घरं आहेत. त्यांच्यापैकी कुणी वाचलं तर? प्रकाशक असता तर मी म्हटलं असतं, बाबा, त्याने छापलं. इथे सगळं माझ्यावर."

मी काय बोलणार? माझी पुस्तकं कुणीतरी छापलेली आहेत. त्यांतला एक विनोद कुणाला लागला, तर "संपादकांनीही वाचला होता की" असं म्हणायची माझी सोय आहे. प्रकाशकाचं नाव मुखपृष्ठावर असतं ते एवढ्यासाठीच की काय, असं मला त्या दिवशी प्रथम वाटलं. आपण त्याला दिवा समजतो, पण तो आडोसाही असतो. आणि गंमत अशी, की काकांना तीन प्रकाशक भेटले, पण हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. दुसऱ्याला तर तेच प्रकरण वाढवून हवं होतं.

पुढच्या आठवड्यात काका जिन्यात भेटले. म्हणाले, "आमच्यात एक नियम असतो. ऑटोमॅटिक सिग्नल लाल मिळाला, तर गाडी थांबवायची. दिवसा एक मिनिट, रात्री दोन. तेवढ्यात नाही बदलला, तर पुढे जायचं. पण सावकाश, डोळे उघडे ठेवून, समोर दिसेल तिथे थांबता येईल एवढ्याच वेगाने. जबाबदारी आपली. मी आपला दोन वर्षं थांबलो."

"म्हणजे हो?"

"आधी हिला वाचू दे."

हे मात्र अवघड होतं. कारण काकींना त्या प्रकरणाचा पत्ता नव्हता. तेवीस वर्षांत काकांनी घरी त्यातलं अक्षर काढलं नव्हतं. ड्यूटीवरून यायचं, आंघोळ करायची, 'आज गाड्या लेट होत्या' म्हणायचं. काकींना मोबाइलवर वाचवत नाही, म्हणून भाच्याने टाइप केलेल्या मजकुराचे कागद स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणले. काकींनी ते दोन दुपारी वाचले. काका तेवढा वेळ खाली बाकावर बसून होते. दुसऱ्या दिवशी काकींनी हाक मारली आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे गुरुवार लिहिलाय तुम्ही. मंगळवार होता तो. तुम्ही दोनदा आंघोळ केलीत आणि जेवला नाहीत. मी भात गाईला घातला."

अशा एकूण सहा दुरुस्त्या निघाल्या. सगळ्या वारांच्या.

मग काकांनी त्या प्रकरणातली स्टेशनांची नावं काढली, सालं काढली, एका माणसाच्या हातातल्या डब्याचं वर्णन काढलं, कारण तो डबा कुणीतरी घरून भरून दिलेला होता. विहीर आणि आजी मी काढायला सांगितली, ती त्यांनी काढली नाही. पुस्तक चढलं. मुखपृष्ठावर भाच्याने खाडीपूल टाकला. जिन्यात पेढे वाटले गेले, तेव्हा दुसऱ्या गटानेही घेतले.

छापील पुस्तक विकलं गेलं म्हणजे वाचलं गेलं, असं लेखक धरून चालतो. कितव्या पानावर वाचकाला झोप लागली हे त्याला मरेपर्यंत कळत नाही, आणि त्यामुळेच तो दुसरं पुस्तक लिहितो. किंडलवर वर्गणीदार वाचकांसाठी २०१५ पासून वेगळी पद्धत आहे : लेखकाला पैसे मिळतात ते वाचल्या गेलेल्या पानांचे, आणि रोज किती पानं वाचली गेली हे त्याला दिसतं. मला कुणी हा आकडा दाखवू नये. पण काका रोज रात्री जेवण झालं की भाच्याने शिकवल्याप्रमाणे तो बघतात. बरेच दिवस शून्य असतं. मिळकत मोजायला रुपये काढावेच लागत नाहीत, पैशातच भागतं. मात्र गेल्या महिन्यात आकडा हलायला लागला. सोमवारी अकरा, मंगळवारी अकरा, बुधवारी बारा, गुरुवारी दहा. शनिवार-रविवार काही नाही. पुन्हा सोमवारी अकरा.

काका वर आले, वही उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "हा नोकरीवाला आहे. सुट्टीला वाचत नाही, म्हणजे गाडीतच वाचतो. अकरा पानं म्हणजे वीसेक मिनिटं. वाशीला चढत असेल, कुर्ल्याला उतरत असेल. बुधवारी बारा झाली, त्या दिवशी मानखुर्दला गाडी थांबवली होती, मी चौकशी केली. बसायला जागा मिळते त्याला, उभ्याने अकरा होत नाहीत." मग थोडं थांबून म्हणाले, "या हिशेबाने परवा तो तिसऱ्या वहीत शिरतोय."